चार मायक्रॉन

सगळ्यात आधी कळलं ते खेकडे धरणाऱ्यांना.
पुन्ता आरेनासच्या किनारा-रेडिओवर, पहाटे पाच चाळीसला,
एदुविहिस मान्सिया सामुद्रधुनीचं हवामान वाचायची.
बावीस वर्षं, एकाच पट्टीत, जेवायला बोलावल्यासारखी:
वारा नैऋत्येचा. लाटा चार मीटर.
लहान होड्यांनी बंदरात थांबावं.

मार्चमध्ये तिचे आकडे खरखरू लागले.
समुद्रावरून उलटे प्रश्न यायला लागले:
बाई, साठ म्हणालात की सत्तर?
कुणी मध पाठवला. कुणी कालाफातेचा मुरंबा.
एकाच्या बायकोनं लोकरीचा गळपट्टा विणून दिला,
तो तिला टोचायचा, तरी ती घालायची.

डॉक्टर बारियांनी नाकातून दुर्बीण सोडली.
उजव्या स्वररज्जूवर वाटाण्याएवढं काहीतरी,
गुळगुळीत, गुलाबी, चेहऱ्यावर साळसूदपणा.
स्टिरॉइड दिलं. तीन आठवड्यांत ते आटलं.
मग परत आलं,
जणू नुसतं बाजारात जाऊन आलं होतं.

तेव्हा त्याचा एक तुकडा माझ्याकडे आला.
मी माणसं तपासत नाही. मी त्यांचे काप वाचते.
फॉर्मलिन, मेण, पातं:
चार मायक्रॉन जाडीचा एक पापुद्रा,
ज्यातून पलीकडचा दिवा दिसतो.

भिंगाखाली चातीसारख्या निमुळत्या पेशी,
झुंडीनं एकीकडे निघालेल्या, मध्येच वळलेल्या.
त्यांच्यात घुसलेल्या प्लाझ्मा पेशी, लिम्फोसाइट,
सगळा दाहाचा गोतावळा.
लांबून पाहिलं तर दंगल आणि लग्न सारखंच दिसतं.
मी जवळून पाहिलं. तरी सारखंच दिसलं.

निमुळत्या पेशींचा कर्करोग असता तर
स्वरयंत्र काढावं लागलं असतं, गळ्याला भोक.
बारियांचा फोन: मिर्ना, काहीतरी लिही,
शस्त्रक्रियेची तारीख अडवून ठेवलीय.
मी अहवालात लिहिलं: थांबावं.
मग खोडलं, आणि नीट वैद्यकीय भाषेत तेच पुन्हा लिहिलं.

नमुना सान्तियागोला पाठवला.
विमान दोन दिवस धावपट्टीवर अडकलं.
वारा सत्तर नॉट.
(तिनंच वाचलं होतं. आम्हाला साठ ऐकू आलं.)

नवव्या दिवशी उत्तर.
एएलकेचा रंग धरला होता, तपकिरी,
पेशीमागून पेशी, उरलेल्या माते-चहासारखा.
कर्करोग नाही. निष्पापही नाही.
दाहक मायोफायब्रोब्लास्टिक गाठ:
नाव गाठीपेक्षा मोठं.
माझ्या अठरा वर्षांतली पहिली.
मी उठून दोनदा हात धुतले, कारण नसताना.

लेसरनं काढली. कडेचा धागाभर भाग घेतला, रज्जू राखली.
दोन आठवडे मुकं राहायचं, पाटी आणि खडू.
रेडिओवर तिचा भाचा यायचा.
सगळं बरोबर वाचायचा पोरगा,
आणि तरी होड्या निघायला उशीर करायच्या.

जूनमध्ये ती परतली, आवाज अर्धा सूर खाली.
आता दर तीन महिन्यांनी दुर्बीण.
पुन्हा उगवलीच तर त्या रंगाला लागू पडणारी गोळी आहे,
महाग, पण आहे.

एकदा ती माझ्या प्रयोगशाळेत आली.
म्हणाली, मला बघायचीय.
मी खुर्ची सरकवली, भिंग जुळवून दिलं.
बराच वेळ बोलली नाही.
गुलाबी-जांभळे प्रवाह, वळणं, भोवरे.
मग म्हणाली, हा तर वाऱ्याचा नकाशा आहे.
आणि डोळा न हलवता: कुठून येतोय?

मी म्हटलं, ते माहीत नाही.
परत येऊ शकतो, एवढं माहीत आहे.

तिनं मान हलवली,
खिशातून वही काढली,
आजची तारीख टाकली,
आणि पुढची जागा मोकळी सोडली.